सँ-व्हेराँ (फ्रान्स) : २०४० मीटरवर बारमाही राहिलेलं गाव

पायरव

गेल्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर सँ-व्हेराँचं नाव 'युरोपातलं सर्वांत उंचावरचं गाव' म्हणून आलं होतं. तिथे विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढते आहे. मी सहा वर्षं फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात राहते. या गावात तीनदा मुक्काम झाला, त्यातला एक भर जानेवारीतला.

आधी उंचीचा विषय संपवते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०४० मीटरवर आहे. स्वित्झर्लंडमधलं युफ २१२६ मीटरवर आहे आणि तिथेही लोक बाराही महिने राहतात. पण युफ ही एका मोठ्या ग्रामपंचायतीतली वाडी, आणि सँ-व्हेराँ हे स्वतःचा महापौर असलेलं 'कोम्यून'. म्हणजे सगळा वाद गाव कशाला म्हणायचं यावर येऊन थांबतो. फ्रान्समध्येच व्हाल तोराँस २३०० मीटरवर आहे, पण ती १९७० नंतर स्कीसाठी उभी केलेली वसाहत. मला विचाराल तर उंचीचा विक्रम ही या गावाची सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. गावाची जुनी ओळख मला जास्त पटते : 'जिथे देवाची भाकर खाल्ली जाते असं सगळ्यांत उंच गाव'. देवाची भाकर म्हणजे चर्चमधला प्रसादाचा पाव. याच्यावर गुराख्यांच्या झोपड्या असतील, पण चर्च, दफनभूमी, सामाईक भट्टी आणि पोराबाळांसकट हिवाळा काढणारी माणसं इथपर्यंतच.

आता जागा सांगते. आल्प्सच्या फ्रेंच बाजूला, इटलीच्या सीमेला टेकून केरा नावाचं खोरं आहे. गिल नदी यातून वाहते आणि पुढे द्युराँस नदीला मिळते. खोऱ्यात शिरायची वाट अरुंद घळीतून जाते, आणि इझोआरची खिंड (२३६० मीटर) हिवाळ्यात बंद असते. त्यामुळे केरा हा शतकानुशतकं कडीकुलपातला मुलूख होता. जून १९५७ मध्ये गिलला पूर आला तेव्हा रस्ते वाहून गेले आणि सगळं खोरं जगापासून तुटलं होतं. गिलला मिळणाऱ्या एका उपखोऱ्यात, एग ब्लांश या ओढ्याच्या वरच्या अंगाला सँ-व्हेराँ आहे. ओढ्याची एक बाजू सावलीची, तिथे लार्च या सूचिपर्णी झाडाचं जंगल. दुसरी उन्हाची, आणि सगळं गाव त्याच बाजूला उतारावर आडवं पसरलेलं. सावलीच्या बाजूला एकही जुनं घर नाही. जानेवारीत दुपारी त्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि पाच मिनिटांत कारण कळलं.

घरांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. खाली दगडी जोतं आणि एक मजली दगडी घर. त्यावर ओंडके आडवे एकमेकांत अडकवून रचलेला प्रचंड माळा. त्याला तिथे 'फ्युस्त' म्हणतात. लाकूड लार्चचं, उन्हाने भाजून काळपट तांबूस झालेलं. छपराला लार्चच्या फळ्या किंवा 'लोझ' नावाच्या जाड दगडी लाद्या. माणसं खालच्या दगडी खोलीत राहत, आणि त्याच खोलीत गाय, शेळी, मेंढी, कोंबडी. जनावरांची ऊब हीच शेगडी, कारण या उंचीवर जळण सोन्यासारखं जपावं लागे. वर माळ्यात वर्षभराचं गवत भरलं की तेच पांघरूण. माळ्याच्या दक्षिणेला एकावर एक सज्जे असतात, ते शोभेसाठी नाहीत. राय (गव्हासारखं एक धान्य) कापली तरी पुरती पिकलेली नसे, म्हणून पेंढ्या या सज्ज्यांत उन्हाला ठेवून पिकवत.

एवढं लाकूड आणि गवत म्हटल्यावर आगीची भीती आलीच. म्हणून गाव एकसंध नाही, वाड्यांमध्ये तोडलेलं आहे : फोरान, ला व्हिल, पियेर-बेल, शातले, आणि खालच्या अंगाला रो. दोन वाड्यांच्या मध्ये मुद्दाम मोकळी जागा, म्हणजे एक पेटली तरी दुसरी वाचेल. प्रत्येक वाडीला ओंडका कोरून केलेली पाण्याची डोणी आणि एक उंच लाकडी क्रूस. क्रूसावर येशूच्या छळाची सगळी साधनं टांगलेली : शिडी, भाला, हातोडा, पकड, फासे, आणि टोकाला कोंबडा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो अवजारांचा फळाच वाटला, मग तिथल्या एका आजींनी एकेक वस्तू बोट दाखवून समजावली.

सर्वांत जुनं घर १६४१ सालचं, 'ल सूम'. आता ते संग्रहालय आहे. आणखी एका घरात कुटुंब आणि जनावरं एकत्र राहायची, ती थेट १९७६ पर्यंत. ती खोली मी पाहिली. पेटीसारखा बंदिस्त पलंग, पलीकडे दावण. मध्ये भिंत नाही.

सूर्यघड्याळं, तांब्याची खाण, वेधशाळा हे सगळं राहिलंच आहे. कुणाला रस असेल तर प्रतिसादांत लिहीन.

ओवी

वाचताना थंडी वाजली! वाड्यांमध्ये मोकळी जागा सोडण्याची कल्पना किती साधी आणि किती शहाणी. गावाचं नाव कुणा संताचं आहे का? आणि पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

पायरव

हो, ओवी. सेंट व्हेराँ सहाव्या शतकात काव्हायोंचा बिशप होता, म्हणजे खाली, दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हाँस प्रांतात. त्याची दंतकथा अशी : फोंतेन द व्होक्ल्यूजला जिथे सॉर्ग नदी कड्याच्या पोटातून उसळते, तिथे 'कुलोब्र' नावाचा ड्रॅगन राहायचा. संताने त्याला जखमी करून हाकललं. तो आल्प्सकडे उडत निघाला, आणि वाटेत त्याच्या रक्ताचे बारा थेंब बारा जागी पडले. शेवटी जिथे तो कोसळला तिथे हे गाव.

आता यातली खरी मेख. प्रोव्हाँसच्या मैदानातून मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन आल्प्सच्या कुरणांवर चढतात. ते बारा थेंब म्हणजे त्यांच्या वाटेवरचे मुक्काम, असं सांगतात. आणि व्हेराँ हा मेंढपाळांचा रक्षणकर्ता संत. म्हणजे कथेच्या आत मेंढरांच्या वाटेचा नकाशाच ठेवलेला. लिहिता न येणाऱ्यालाही तो पाठ व्हावा असा.

रानमळा

आमच्याकडे दिवाळीनंतर मेंढरं बसवायला येणारे धनगर ठरलेल्या गावांत, ठरलेल्या शेतांत उतरतात. त्यांच्या ओव्यांतही बिरोबाच्या वाटेवरची ठाणी क्रमाने येतात. त्यामुळे हे वाचून अंगावर काटा आला. तिकडे अजून मेंढरं पायी जातात का?

दुसरं, राय एवढ्या उंचीवर पिकते कशी? जमिनीत बर्फ असणार ना सात-आठ महिने?

पायरव

बहुतेक कळप आता ट्रकने येतात. काही जण अजून पायी चढतात. एक बदल मोठा झालाय : १९९२ मध्ये इटलीकडून लांडगे परत फ्रेंच आल्प्समध्ये आले. तेव्हापासून कळपांसोबत मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. वाट चालताना कळप दिसला तर लांबून वळसा घालायचा आणि कुत्र्यासमोर पळायचं नाही. हे मी तिथल्या गुराख्याकडून शिकले.

राय हेच तिथलं पीक, कारण ती बर्फाखाली तग धरते. एका उन्हाळ्याच्या शेवटी पेरायची आणि पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी कापायची, म्हणजे शेत जवळजवळ वर्षभर गुंतलेलं. म्हणून भाकरीचा हिशेबही तसाच. जळण वाचावं म्हणून सामाईक भट्टी हिवाळ्याच्या तोंडावर वर्षातून एकदा पेटवायची, सगळ्या घरांनी एकामागून एक आपापले पाव भाजून घ्यायचे आणि ते वर्षभर माळ्यावर टिकवायचे. काही महिन्यांनी पाव लाकडाइतका टणक. तो तोडायला बिजागरीने फळीला जोडलेला खास सुरा असे, आणि तुकडे सूपमध्ये भिजवून खात. 'देवाची भाकर' या शब्दांचं वजन मला हा सुरा बघितल्यावर समजलं.

कातळ

माझा विषय भूशास्त्र, म्हणून थोडी भर घालतो. केरामधला चकचकीत, पापुद्र्यापापुद्र्याचा खडक मुळात समुद्राच्या तळावरचा गाळ आहे. ज्युरासिक काळात युरोप आणि आजच्या इटलीकडचा भूभाग यांच्यामध्ये टेथिस समुद्राची एक शाखा उघडली होती. ती मिटली, तळ खाली ढकलला गेला, दाबला-भाजला गेला, आणि मग आल्प्स होऊन वर आला. हिमालयही याच टेथिसच्या वेगळ्या भागाची घडी आहे. सँ-व्हेराँच्या वरच्या बाजूला हिरवा सर्पेंटिनाइट सापडतो, तो त्या सागरतळाच्या कवचाचा तुकडा. तांबंही त्याच गटाच्या खडकांत येतं. खाण कुठे आहे, आत जाता येतं का?

पायरव

धन्यवाद, कातळ! त्या हिरव्या दगडाची तिथे 'हिरवा संगमरवर' म्हणून खाण होती. आता कळलं तो संगमरवर नाहीच.

तांब्याची खाण गावाच्या वर, सुमारे अडीच हजार मीटरवर, क्लोझी नावाच्या कुरणांच्या जवळ आहे. ब्राँझ युगात, म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी, लोकांनी तिथे खडकात अरुंद खोल चर खणला. त्याला 'पूर्वजांचा चर' म्हणतात. धातुक बोर्नाइट, तांब्याने खच्चून भरलेलं, आणि ते तिथेच वर वितळवल्याच्या खुणा उत्खननात मिळाल्या आहेत. विसाव्या शतकातही काही काळ खाण चालली, मग बंद पडली. आत सोडत नाहीत, बाहेरून अवशेष दिसतात.

माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळीच. आपण समजतो की माणूस मैदानात नांदला आणि जागा पुरेना म्हणून डोंगरात चढला. इथे लोक चार हजार वर्षांपूर्वी अडीच हजार मीटरवर भट्टी लावत होते, तीही झाडांच्या शेवटच्या ओळीच्या वर, जिथे सरपण पाठीवरून न्यावं लागणार.

तिथूनच पुढे क्लोझीची माऊली, म्हणजे नोत्र-दाम द क्लोझीचं छोटं देऊळ आहे. दरवर्षी १६ जुलैला फ्रेंच आणि इटालियन दोन्ही बाजूंचे भाविक चालत येतात.

दप्तर

इतिहासाचा एक मोठा भाग राहिला, तो मी लिहू का? या खोऱ्यावर मी थोडं वाचलं आहे.

मध्ययुगात हा मुलूख दोफिने प्रांताच्या अधिपतीकडे, म्हणजे 'दोफँ'कडे होता. त्यांच्यातला 'दुसरा हुंबेर' हा दोफँ कर्जात बुडालेला होता. २९ मे १३४३ ला ब्रियांसों परिसरातल्या डोंगरी गावांनी त्याच्याकडून सनद विकत घेतली : एकरकमी १२,००० सोन्याचे फ्लोरिन आणि दरवर्षी ४,००० ड्युकॅट. बदल्यात बहुतेक सरंजामी हक्क संपले. गावकरी 'मुक्त' ठरले, सभा भरवण्याचा, आपले अधिकारी निवडण्याचा आणि कराची वाटणी आपसांत करण्याचा हक्क त्यांना मिळाला. कराची ही वाटणी करणारा गट म्हणजे 'एस्कार्तों'. असे पाच होते : ब्रियांसों, केरा, उल्क्स, प्राजेलातो आणि कास्तेलदेल्फिनो. शेवटचे तीन आज इटलीत आहेत, कारण १७१३ च्या उट्रेक्टच्या तहात सीमा पाणलोटाच्या रेषेवर ठरली आणि ते शेजारच्या सॅव्हॉय राज्याकडे गेले. तोवर शिखरांच्या दोन्ही बाजूंचे लोक एकाच व्यवस्थेत होते. ही सनद फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत टिकली, म्हणजे साडेचारशे वर्षांच्या आसपास.

जवळच गिलच्या काठी खडकावर केरा किल्ला आहे. तो मध्ययुगीन, १६९२ नंतर व्होबाँ या फ्रेंच राजाच्या किल्लेबांधणी तज्ज्ञाने मजबूत केला.

पायरव

दप्तर, फार छान. मी हे एवढं नेटकं लिहू शकले नसते. एक जोडते. या स्वशासनाला लिहिता-वाचता येणारी माणसं लागत. हिशेब, करार, ठराव सगळं गावच ठेवी. त्यामुळे या डोंगराळ भागात साक्षरता खालच्या मैदानापेक्षा खूप जास्त होती. हिवाळ्यात बर्फ पडलं की इथले पुरुष शिक्षक म्हणून खाली प्रोव्हाँसकडे जात. बाजारात उभे राहत ते टोपीत पीस खोवून : एक पीस म्हणजे वाचायला शिकवणार, दोन म्हणजे हिशेबही, तीन म्हणजे लॅटिनसुद्धा. वसंतात शेतीला परत. डोंगरातला गुराखी आणि मैदानातला गुरुजी हे एकाच माणसाचे दोन ऋतू.

ध्रुवमत्स्य

सूर्यघड्याळांची वाट बघतोय!

पायरव

लिहितेच. भिंतीवर ओल्या चुन्यात रंगवलेली ही घड्याळं संपूर्ण खोऱ्यात आहेत आणि सँ-व्हेराँमध्ये तर चालताना दर थोड्या वेळाने एक भेटतं. चांगल्यांपैकी बरीच एकाच माणसाच्या हातची : जोव्हान्नी फ्रांचेस्को झारबुला, इटलीकडून आलेला फिरस्ता चित्रकार. १८३३ पासून जवळजवळ पन्नास वर्षं तो या गावांतून घड्याळं रंगवत हिंडला. त्याची खूण म्हणजे संगमरवराचा भास देणाऱ्या चौकटी आणि वर रंगीत पक्षी, असे पक्षी की जे आल्प्समध्ये कुणी पाहिलेही नसतील. खाली एखादं वचन. 'तुम्हाला वाटतं त्यापेक्षा उशीर झालेला आहे' हे त्या भागात वाचायला मिळणारं वचन मला रात्री झोपताना आठवतं.

ध्रुवमत्स्य

आकडेमोड करून पाहिली. गाव सुमारे ४४.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर. त्याच दिवशी पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. समोर डोंगर असेल तर ओढ्यापलीकडची बाजू हिवाळ्यात सावलीत बुडणारच. तुम्ही जानेवारीत अनुभवलं ते हेच.

दुसरं, रेखांश सुमारे ६.९ अंश पूर्व. फ्रान्स उन्हाळ्यात जागतिक वेळेच्या दोन तास पुढे असतो. त्यामुळे जुलैत भिंतीवरची सावली बारा दाखवेल तेव्हा मनगटावर एक अडतीसच्या आसपास झालेले असतील. घड्याळ चुकलं असं कुणी समजू नये. ते तिथल्या सूर्याची वेळ सांगतं.

वेधशाळेबद्दल सांगा ना.

पायरव

हे गणित मी छापून पुढच्या वेळी बरोबर नेणार!

वेधशाळा गावाच्या वर, शातो-रनार शिखराजवळ २९३० मीटरवर. १९७४ मध्ये पॅरिस वेधशाळेने ती सूर्याचा प्रभामंडल पाहण्यासाठी उभारली. हवा कोरडी, धूळ कमी, आकाश बहुतेक दिवस निरभ्र, म्हणून ही जागा. पुढे व्यावसायिक काम थांबलं, आणि १९९० पासून हौशी खगोलप्रेमींची 'अ‍ॅस्ट्रोकेरा' ही संस्था ती सांभाळते. ६२ सेंटिमीटरची दुर्बीण आहे. गट आठवडाभर वर मुक्कामाला जातात आणि रात्र रात्र काम करतात.

गावाची आणखी एक म्हण आहे, 'जिथले कोंबडे तारे टिपतात'. ती वेधशाळेच्या फार आधीची.

ओवी

एक शंका. हे सगळं वाचून सुंदर वाटतंय, पण आज तिथे कुणी खरंच राहतं का? की सगळी घरं पर्यटकांना भाड्याने दिलेली? आमच्या कोकणातली वाडी मी डोळ्यांसमोर रिकामी होताना पाहिलीय. म्हणून विचारते. संग्रहालयं वाढायला लागली की मला भीती वाटते.

पायरव

ओवी, हा प्रश्न मलाही तिथे सतत पडला. एकोणिसाव्या शतकात गावात आठशेच्या वर माणसं होती. आज दोन-अडीचशे. बरीच घरं वर्षातले काही आठवडेच उघडतात, हे खरं आहे. उत्पन्न मुख्यतः उन्हाळ्यातल्या पदयात्रींचं आणि हिवाळ्यातल्या स्कीचं. 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं' या यादीत नाव आहे, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते. बाहेरच्यांच्या गाड्या गावाबाहेर उभ्या कराव्या लागतात. हा नियम मला फार योग्य वाटतो.

पण रिकामं म्हणणार नाही. गुरं आहेत, गवत कापलं जातं, उतार पडीक गेलेले नाहीत. लाकडावर नक्षी कोरणारे आहेत. केरामध्ये पेट्या, पलंग, पाळणे यांवर गोल फुलाची नक्षी कोरायची जुनी परंपरा आहे, लांबलचक हिवाळ्यात बसून करायचं काम. शेजारच्या आर्व्हियूमध्ये १९२० मध्ये एका स्विस पाद्र्याच्या पुढाकाराने लाकडी खेळण्यांची सहकारी संस्था निघाली, हेतू हाच की हिवाळ्यात लोकांनी खोरं सोडून जाऊ नये. ती अजून चालते.

पाद्र्यावरून आठवलं. इथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही राहिले. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने, चौदाव्या लुईने, प्रोटेस्टंटांचे हक्क काढून घेतले तेव्हा अनेक जण सीमेपलीकडे गेले, काही लपून टिकले. १८२० च्या दशकात जिनिव्हाचा तरुण पाद्री फेलिक्स नेफ या गावांतून पायी फिरला, शाळा काढल्या, शेताला पाणी कसं द्यावं हेसुद्धा शिकवलं. थंडी आणि दगदगीने तब्येत खचली आणि १८२९ मध्ये तो गेला, वय ३१. सँ-व्हेराँमध्ये आजही सतराव्या शतकातलं कॅथलिक चर्च आहे, दारातल्या खांबांखाली दगडी सिंह असलेलं, आणि जवळच प्रोटेस्टंटांचं साधं मंदिर. एवढ्याशा गावात दोन्ही.

रानमळा

दोन्ही देवळं आणि एकच भट्टी?

पायरव

रानमळा, तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ बसून राहिले. ल सूममध्ये पुन्हा जाईन तेव्हा हाच पहिला विचारेन.

गिरिजा_द

ऑक्टोबरमध्ये लिओंला मुलीकडे जातोय. मी आणि हे, दोघं साठीच्या पुढचे. गाडी चालवणार नाही. जमेल का? आणि तो महिना ठीक आहे का?

पायरव

गिरिजाताई, नक्की जमेल. आगगाडीने मों-दोफँ – गियेस्त्र स्टेशनला उतरायचं, तिथून बसने वर. ऑक्टोबरमध्ये बसच्या फेऱ्या कमी असतात, म्हणून वेळा आधी नक्की करून मगच तिकीट काढा. स्टेशनवर वेळ उरला तर समोरच्या पठारावर व्होबाँचा मों-दोफँ किल्ला आहे, जागतिक वारसा यादीतला.

महिना उत्तम. लार्च हे सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात सुया गाळतं, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर सगळं जंगल पिवळंधमक होतं. मात्र काही खानावळी आणि राहायच्या जागा या दिवसांत बंद असतात. खोली आधी ठरवा आणि जेवण तिथेच मिळेल का तेही विचारून घ्या. पहिल्या दिवशी चढाचं काही करू नका, उंची जाणवते. गावातून रो वाडीपासून फोरानपर्यंत सावकाश चालत जा, दर वाडीला थांबत. डोण्यांचं पाणी पिण्याजोगं आहे की नाही ते तिथल्या पाटीवर बघूनच बाटली भरा. दुपारी एक ते दोनच्या दरम्यान चर्चच्या बाजूला असाल तर एखाद्या घड्याळासमोर उभं राहा, ध्रुवमत्स्य यांचं गणित जुळतं का ते पाहा आणि इथे येऊन कळवा. ऑक्टोबरमध्ये थोडा फरक पडेल ना, ध्रुवमत्स्य?

ध्रुवमत्स्य

हो. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य मध्यान्ही अंदाजे एक वाजून वीस मिनिटांच्या आत येईल. गिरिजाताई, शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे होतात, त्यानंतर गेलात तर सव्वाबारा धरा. फोटो नक्की टाका, सावलीसकट.